राजहंसाची आंघोळ

७ सप्टेंबर, रविवार, सकाळी
काल बाप्पाचं विसर्जन झालं. आजपासून कामाला लागणार म्हणजे लागणार.
कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून फिरायला न्यायचं चाकावरचं घर, हे लोणावळ्यात कुणाला समजावून सांगायची सोय नाही. घरात तर नाहीच. बायको, अरुंधती, त्याला ‘डबा’ म्हणते. मी नाव ठेवलंय राजहंस. मे महिन्यात विकणाऱ्या मुंबईच्या पार्टीने ट्रकवरून आणून इथे जवळच औंढ्याला, ओळखीच्या रखमाजी शेतकऱ्याच्या वावरात ठेवला, तेव्हा पांढराशुभ्र होता. पावसाळ्यात शेवाळ धरलं. राजहंसाचा पोपट झाला.
बायकोची अट अशी: डबा चकचकीत करा, पोळ्याच्या सकाळी (इकडे मावळात पोळा गणपतीनंतर, भाद्रपद अमावस्येला) मी बॅग घेऊन येते, तारकर्लीला जाऊ. नाहीतर जन्मात पुन्हा सहलीचं नाव काढू नका. लग्नापासून मी दरवर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतो असं तिचं म्हणणं. अहो, दरवर्षी ऑडिट असायचं! बँक होती, चहाची टपरी नव्हती.
संकल्प: धुणे, पॉलिश, मोटारीला मागे हुक बसवणे. (हुक किरकोळ. शेवटी बघू.)

८ सप्टेंबर
पाऊस. पण वेळ वाया घालवला नाही. दिवसभर व्हिडिओ पाहिले. एक गोरा म्हातारा शीळ घालत घालत कॅराव्हॅन पुसतो. मला सहज जमेल. शीळ येत नाही, बाकी सगळं येतं.

१० सप्टेंबर, संध्याकाळ
प्रेशर वॉशर आणला. काय ती ताकद! शेवाळ उडालं. त्याच्याबरोबर बाजूची निळी पट्टीपण उडाली. प्लेन जास्त क्लासी दिसतं. खिडकीच्या रबरातून पाणी आत जाऊन गाद्या भिजल्या, म्हणजे आतलं धुणंही आजच उरकलं. शेड्यूलच्या पुढे आहोत.

१३ सप्टेंबर
रखमाजी बांधावरून बघत होता. म्हणाला, भाऊ, तसं न्हाई, आमी बैल धुतो तसं धुवा, पेंढीनं घासा, लय झ्याक निघतंय. त्याचे बैल खरंच बघत राहावेत असे आहेत. म्हटलं, अनुभवाला मान द्यावा. दोघांनी मिळून भाताच्या पेंढीने एक बाजू खसाखसा घासली. सगळी चकाकी गेली. रखमाजी बराच वेळ बघून म्हणाला, बैलाला आसं व्हत न्हाई.
याला मॅट फिनिश म्हणतात. लोक पैसे देऊन करून घेतात.

१५ सप्टेंबर
छप्पर. शिडीने वर चढलो, साबण ओतला, आणि मग लक्षात आलं की साबणावरून परत शिडीपर्यंत जाता येत नाही. बसून राहिलो. व्ह्यू अप्रतिम. खालून रखमाजीची बायको रतनबाई चालली होती, तिला जोरजोरात हात केले. तिनेही हात केला, म्हणाली, बसा बसा, ऊन घ्या, आणि गेली. शेवटी बसल्या बसल्याच घसरत उतरलो. पँटीने छप्पर फर्स्ट क्लास पुसलं गेलं. नवीन टेक्निक.

१८ सप्टेंबर
वॅक्स! वॅक्सवर वॅक्स! मॅट बाजूसुद्धा चमकली! अरुंधती इन्स्पेक्शनला आली. पांढरा रुमाल फिरवला, रुमाल पांढराच. मग दारात स्वतःचं तोंड बघून टिकली सारखी केली आणि म्हणाली, अहो, खरंच केलंत की हो!
घरी जाऊन तिने माळ्यावरची बॅग काढली. स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मला नाचावंसं वाटत होतं, पण कंबर धरली आहे.

१९ सप्टेंबर
हुकासाठी कुसगावला विक्की मेकॅनिककडे. त्याने माझ्या मोटारीभोवती एक चक्कर मारली, राजहंसाचा फोटो मागितला, आणि मग आजूबाजूच्यांना बोलावून फोटो दाखवला. म्हणाला, काका, हुक बसवतो की, पण घाटात तुमची गाडी त्याला ओढायची नाही, तोच तुमच्या गाडीला मागं ओढंल.
या लोकांना व्हिजन नसते.
अरुंधतीला बोललो नाही. लाडू वळत होती. मूड कशाला घालवा?

२० सप्टेंबर
प्लॅन बी! रखमाजीचे बैल! हायवेपर्यंत ओढू दे, पुढचं पुढे.
गेलो तर तो बैलांची मानखांदे तूप-हळदीने चोळत होता. उद्या पोळा. विचारल्याबरोबर त्याने कानाला हात लावले. म्हणाला, पोळ्याला बैलाच्या मानंवर जू? आवं, पाप लागंल! ट्रॅक्टरचं विचारलं. म्हणाला, त्यालाबी उद्या सुट्टी, पूजा हाय.
टेन्शन नाही. सकाळी मार्ग निघेल.

२१ सप्टेंबर, पोळा
अरुंधती नवी साडी, बॅग, लाडवांचा डबा. मी मागे मागे, सबब शोधत.
पोचतो तर काय! राजहंसाच्या अंगभर गेरूचे ठसे, वर झेंडूच्या माळा, खिडकीवर बाशिंग, पुढच्या दांड्याला तूप-हळद! रखमाजी म्हणाला, तुमी येवढं निगुतीनं धुतलं, म्हटलं ह्याचाबी पोळा करू. आज ह्यालाबी सुट्टी.
सुटलो! अरुंधतीला म्हटलं, बघ, रूढीपुढे आपलं काय चालणार? ती हसून हसून राजहंसाच्या पायरीवरच बसली. रतनबाईने बैलांना पुरणपोळी भरवली, मग राजहंसाला दाखवली. तो खाईना म्हणून मी खाल्ली. हलगी लागली. कंबर विसरून नाचलो.
मग अरुंधतीने विचारलं, मग उद्या सकाळी निघायचं ना?
हुकाचं सांगावं लागलं. ती हसायची थांबली. इतकंच म्हणाली, मी भरलेली बॅग परत उपसणार नाही.

२३ सप्टेंबर
उपसली नाही. काल बसने तारकर्लीला गेली. रतनबाईला घेऊन. तिने समुद्र पाहिला नव्हता.
मी आणि रखमाजी पिठलं-भात. गेरू निघत नाही, वॅक्समध्ये पक्का बसलाय.
दुपारी फोटो आला. दोघी साड्या खोचून गुडघाभर पाण्यात. खाली अरुंधतीने लिहिलंय, इथे पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या चिखलाने बरबटलेल्या आहेत, पण आलेल्या आहेत.
तिला पॉलिशमधलं काही कळत नाही. उद्या गेरूला लिंबू लावून बघतो.