दाजींच्या फ्रिजचं शीर्षासन

कॉर्डुरॉय क्रीक, मोंटाना
१४ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दाजींना एल्डनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याला जाड पट्टी आहे, त्यामुळे हात नीट जुळत नाहीत. भाव तेवढा जुळवून घ्यावा.)

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावल्यापासून तुम्ही थेट शिडी लावून छपरावर चढता आणि पन्हळीतला पाचोळा काढता, असं ताईने मार्वाला सांगितलं आणि मार्वाने मला. गेले चौदा महिने आपली बोलचाल याच वाटेने चालू आहे. तुम्ही ताईला, ताई मार्वाला, मार्वा मला, आणि माझा जबाब परत त्याच पायऱ्यांनी वर. मधे दोघी नणंद-भावजया आपापल्या चवीचं मीठ घालतात, त्यामुळे पाच मैलांवरून निघालेलं साधं 'बरं आहे' माझ्याकडे 'त्याला म्हणावं, बरं आहे हो!' होऊन पोचतं. म्हणून आज मधली माणसं वगळून थेट लिहितोय. ताईच्या ऱ्हुबार्बला यंदा गारपिटीने झोडपलं असं ऐकलं. वाईट झालं. (हे मात्र मनापासून, कारण त्याच्या आंबट देठांची ती जी गोड पाय-पेस्ट्री भाजते तिचा एक वाटा दरवर्षी माझा असतो. म्हणजे असायचा.)

तर, दाजी, तुमच्या कॅम्परमधला फ्रिज मी बदलला. हे एवढं वाक्य एवढं लहान करायला मला तीन कागद फाडावे लागले.

'तुमच्या' कॅम्परमधला असं मी मुद्दाम लिहिलं. तुम्ही ते पिकअपच्या पाठीवर बसणारं फिरतं घर मला देऊन टाकलंत हे खरं, पण कसं दिलंत तेही मला आठवतं. तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये मी उभा राहून चार कौतुकाचे शब्द बोलणार होतो. ताईने तेवढंच सांगितलं होतं. त्याऐवजी मी टेबलावर पालथा पडलो, एक डोळा मिटला, बटाट्याच्या सॅलडच्या भांड्याखाली एकेक करून हातरुमाल सरकवले आणि तुमच्या आवाजात ओरडलो, "अजून पाव इंच, एल्डन, पाव इंच!" दर सप्टेंबरात तळ्यावर पोचल्यावर आम्ही सगळे भुकेने कळवळत असताना तुम्ही बुडबुड्याची पाणसळ घेऊन, गाडी सपाट आहे का बघत, पिकअपभोवती कसे फिरता, चाकांखाली फळ्या कशा घालता, काढता, परत घालता, त्याचं ते सोंग होतं. दीडशे माणसं हसली. पाद्रीबाबा हसले. तुम्हीही हसलात. फक्त तुमच्या बशीतलं सॅलड शेवटपर्यंत तसंच राहिलं, हे मार्वाने पाहिलं. मी टाळ्यांकडे पाहत होतो. सोमवारी सकाळी कॅम्पर आपल्या चार लोखंडी पायांवर माझ्या अंगणात उभा होता, पायरीवर किल्ली होती आणि तिला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात दोन शब्द: "तुला जमेल." त्या सप्टेंबरात तळ्यावर कुणीच गेलं नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

यंदा जूनमध्ये मी ठरवलं की जमवून दाखवायचं. कॅम्पर माझ्या पिकअपच्या पाठीवर चढवला आणि गाडी घरामागच्या उतारावर लावली, कारण तिथे सावली असते. (उतार! दाजी, हा शब्द वाचताना तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय.) फ्रिज गॅसवर चालू केला, त्यात एल्क हरणाची सॉसेजं भरली, आणि पाचव्या दिवशी दार उघडलं तेव्हा आतून असा दर्प आला की आमचा कुत्रा, जो मेलेल्या साळिंदरात लोळून येतो, तो उठून रस्त्यापलीकडे गेला.

शेजारचा डेलबर्ट आला. तुम्हाला माहीतच आहे, या माणसाला सगळं कळतं आणि काहीच विचारावं लागत नाही. त्याने फ्रिजला कान लावला, टोपी काढली आणि म्हणाला, "गेला बिचारा." मार्वा म्हणाली, "ऑर्विलदाजींना एक फोन करा. त्या फ्रिजची नाडी त्यांनाच कळते." मी म्हटलं, "मी काय लहान आहे?" ती म्हणाली, "लहान असता तर केला असतात."

नवा फ्रिज निवडण्यात मी दोन आठवडे घालवले. जुन्यासारखाच गॅसवरचा घ्यावा तर तो सपाटच उभा हवा. आतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, वाकडं ठेवलं की तुंबतं, वगैरे. हे तुम्ही मला वीस वर्षं सांगत होतात आणि मी वीस वर्षं मान हलवत होतो. दुसरा असतो बॅटरीवरचा, कॉम्प्रेसरचा. त्याच्या माहितीपत्रकात एक बाई हसत उभी होती आणि खाली लिहिलं होतं की हा कसाही तिरका ठेवा, गार करणारच. दाजी, खोटं बोलत नाही, मी तो गारव्यासाठी घेतला नाही. मी तो त्या एका ओळीसाठी घेतला. पाणसळ लावायची गरजच नाही असा फ्रिज! म्हणजे वाद कायमचा मिटला आणि तोही मी जिंकून. एवढ्या क्षुद्र कारणासाठी एवढी जड वस्तू आजवर कुणी विकत घेतली नसेल.

माप मात्र मी नीट घेतलं होतं. ज्या खणात फ्रिज बसतो त्याची रुंदी, उंची, खोली तीन-तीनदा मोजली, वहीत लिहिली, मार्वाची सही घेतली. फ्रिज आला, मी आणि डेलबर्टने तो कॅम्परच्या दारापर्यंत नेला, आणि तिथेच थांबलो. कारण खण मोजला होता, दार कुणीच मोजलं नव्हतं. दार दोन बोटं कमी. डेलबर्ट म्हणाला, "मग जुना आत कसा गेला?" मी म्हटलं, "तेच विचारतोय." तो जरा विचार करून म्हणाला, "फ्रिज आधी ठेवला असणार. कॅम्पर त्याच्याभोवती नंतर बांधला." म्हणजे नवा आत जाईना आणि जुना बाहेर येईना.

शेवटी मागची मोठी खिडकी चौकटीसकट काढली. (अंगठा तिथे गेला.) गॅसवाल्याला बोलावून नळी बंद करून घेतली, तेवढी अक्कल शिल्लक होती. डेलबर्टने ट्रॅक्टर आणला, पुढच्या काट्यांवर घोंगडी घातली आणि तुमचा फ्रिज खिडकीतून पाय वर आणि डोकं खाली असा निघाला. खाली उतरवल्यावर तो सरळ करायचं त्राण आमच्यात नव्हतं, म्हणून गॅरेजच्या भिंतीला टेकवून तसाच शीर्षासनात ठेवला. नवा त्याच खिडकीतून आत गेला, एका कोपऱ्याला पोचा घेऊन. मग खिडकी परत बसवली आणि कडेने सिलिकॉन भरलं. डेलबर्ट म्हणाला, "पाऊस आला की कळेल." आला आणि कळलं.

जुलैत मी आणि मार्वा तळ्यावर गेलो. आपली नेहमीची सात नंबरची जागा. मी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि फळ्यांना हात न लावता खुर्ची टाकून बसलो. काय सांगू, पहिली दहा मिनिटं मी राजा होतो. मग मार्वाने तवा ठेवला आणि सगळं लोणी एका कडेला जाऊन बसलं. अंडी ओट्यावरून चालत निघाली. बाथरूमचं दार आपोआप उघडायचं आणि आत बसलेल्याने पायाने धरून ठेवावं लागायचं. निजायच्या फळीवर डोकं खाली आणि पाय वर. सकाळी माझं कपाळ असं ठणकत होतं की ट्राउट मासे दिसले तरी दोन-दोन दिसावेत. फ्रिजला वाकडेपणा चालत होता, दाजी. आम्हाला चालत नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजनेही बॅटरी पिऊन संपवली, कारण पाइनच्या सावलीत ती भरणार कशी? राहिलेले दोन दिवस आम्ही पावाला शेंगदाण्याचं लोणी लावून खाल्लं.

तिसऱ्या दिवशी मी कॅम्परमधल्या बाकाखालची पेटी उघडली, फळ्या काढायला. फळ्यांखाली तुमची पाणसळ होती आणि तिला रबर लावून बांधलेली छोटी वही. एकेक जागेचं नाव आणि कुठल्या चाकाखाली किती फळ्या, एकवीस वर्षांचं. सात नंबरचं पान मी तिथेच उभ्याने वाचलं. "मागचं डावं, दोन फळ्या. फ्रिजला एवढं पुरे. पुढच्या उजव्याला पाव इंच जास्त, एल्डनच्या उशाला. डोकं खाली गेलं की त्याचं कपाळ दुखतं, आणि मग दिवसभर सगळ्यांचं."

अजून पाव इंच, एल्डन. मी ते दीडशे लोकांसमोर ओरडलो होतो. हॉलमध्ये त्याचा अर्थ माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो हातात बशी धरून हसत होता.

मी वही मिटली आणि फळ्या घातल्या. पानात लिहिल्याप्रमाणे. त्या दिवशी दुपारीसुद्धा मला झोप लागली.

माफी मागायची रीत मला येत नाही. थट्टा करायची येते, आणि तिची फळं आपण दोघांनी गेला अख्खा सप्टेंबर खाल्ली. मी चुकलो, दाजी. फ्रिजच्या बाबतीत नव्हे. म्हणजे त्याही बाबतीत.

ताईला नमस्कार. आता तो तिच्याकडे थेट पोचवा.

आपला,
एल्डन

ता. क. : एक सांगायचं राहिलं. तळ्यावरून आल्यावर मार्वाने तुमचा जुना फ्रिज गॅरेजच्या सपाट फरशीवर सरळ करून घेतला, बियाण्यांची पाकिटं ठेवायला, आणि दुसऱ्या दिवशी उगाच त्याची विजेवर चालवायची वायर भिंतीत लावली. संध्याकाळी आत बर्फ. डेलबर्ट म्हणाला, "उलटा ठेवला की आतलं तुंबलेलं सुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे." मी विचारलं, "मग आधी का नाही बोललास?" तर म्हणे, "तू नवा घेऊन इतका खूश होतास!" तो मेलाच नव्हता, दाजी. फक्त उतारावर उभा होता.

ता. क. दुसरा : म्हणजे आता खिडकी परत काढायची आहे. नवा बाहेर (पोचा आहे म्हणून दुकानदार परत घेत नाही, डेलबर्ट गळाचे किडे ठेवायला नेतोय), आणि तुमचा आत. हे माझ्याच्याने होणार नाही. येत्या शनिवारी याल का? सप्टेंबरला अडीचच आठवडे उरलेत. सात नंबर मी चौघांच्या नावाने धरून ठेवली आहे.

ता. क. तिसरा : हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही खिडकीतून पाहाल तर कॅम्पर तुमच्या दारात उभा आहे आणि मी आत बसलोय. चाकांखाली फळ्या मी घातल्या आहेत. मार्वा म्हणते बुडबुडा अगदी मधोमध आहे. मला तो किंचित डावीकडे वाटतोय. तुम्ही जरा बाहेर येऊन बघता का?