पिवळी केबल

६ ऑक्टोबर, सोमवार
लागलो एकदाचा कामाला. वॉशिंग्टन राज्यातल्या या सफरचंदांच्या गावात सर्व्हर सांभाळायची नोकरी मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. बायको, कॉरिन, खूश आहे. आमची सात वर्षांची हेझल तर आल्यापासून अंगणातल्या झाडाला लोंबकळतेय.

इथून बँकांची, इस्पितळांची कामं चालतात, त्यामुळे ‘बंद पडणं’ ही इथली शिवी. प्रत्येक सर्व्हरला एक जोडीदार. पहिला राबतो, दुसरा शेजारी बसून त्याची हुबेहूब नक्कल ठेवतो. मध्ये एक पिवळी केबल. पहिला तिच्यातून सारखं कळवतो, मी चालू आहे. तो गप्प झाला की दुसरा त्याच्या जागी कामाला लागतो आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. हे सगळं लोरेटाने समजावलं. ती आमची मुकादम, तोंडाने फटकळ, पण स्वतःच्या डब्यातलं बटाट्याचं सॅलड मला वाढलं.

८ ऑक्टोबर, बुधवार
आज दिवसभर माझीच नोंदणी. आवाज, चाल, सही, हसणं, बायकोला हाक कशी मारतो तेसुद्धा. लोरेटाला विचारलं, माझं लग्न जमवताय का पुन्हा? ती म्हणाली, “गप बस रे, इथे सगळ्यांचं करतात.” माझ्या खुर्चीपासूनही एक पिवळी केबल भिंतीत गेली आहे. तिला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
टेबलाखाली केबलींचा नुसता गुंता होता. मला बघवेना. सगळ्या सोडवून नीट बांधल्या. त्यात पिवळीही सुटून आली, ती जेवून आल्यावर परत लावली. लोरेटाने ते पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. किती वेळ सुटी होती, विचारलं. जेवणापुरती, म्हटलं. ती तडक निघून गेली.

घरी कॉरिन म्हणाली, दुपारी येऊन हेझलची सायकल नीट केलीस ते बरं झालं. मी दुपारी घरी आलोच नव्हतो. थट्टा करतेय असं वाटून हसलो. मग सायकल पाहिली. साखळी मी बसवतो तशीच बसवली होती.

१५ ऑक्टोबर
दाराने कार्ड घेतलं नाही. पहारेकरी म्हणाला, “साहेब, गंमत करता का? मघाशीच तर आत गेलात.” काचेतून माझी खुर्ची दिसली. त्यात कुणीतरी पाठमोरं. माझं जाकीट, माझं टक्कल.

लोरेटा पार्किंगमध्ये भेटली. रडत होती. म्हणाली, “केबल सुटली आणि तू जिवंत राहिलास, ग्रँट, इथेच घोळ झाला. तुझ्या जोडीदाराला वाटलं तू गेलास. आता तुम्ही दोघं आहात, आणि दोघं चालत नाहीत. दोघांनी एकाच पाटीवर लिहिलं तर काय उरेल? नंतर आलेला आधीच्याला बंद करतो. आधी बाहेरच्या वाटा, मग आठवण, मग वीज.”

मी म्हटलं, जाऊन सांग त्याला, खरा मी आहे. ती म्हणाली, “तोही हेच म्हणतोय रे.”

१६
फोन बंद. बँकेचं कार्ड बंद. गाडीची चावी फिरते, बाकी काही नाही. चालत घरी गेलो. खिडकीतून दिसलं — तो जेवतोय, हेझल त्याच्या मांडीवर. खुशीत. कॉरिनने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे — आणि उठून दाराला कडी लावली.

१७
सफरचंदांच्या पेट्यांमागे लपलोय. फार भीती वाटतेय. आईचा चेहरा गेला. माझं आडनाव — होतं काहीतरी. कागदावरचं त्याला पुसता येत नाही म्हणून लिहितोय.

मुलगी तेवढी आठवायला हवी. बाकी सगळं घेऊ दे त्याला. सात वर्षांची. पुढचा दात पडलेला. नाव मागच्या पानावर वाचतो — पान उलटलं की जातं — परत वाचतो —

बोटं गार पडली.

ती आलीय. सायकलवर. इथे, समोर. विचारतेय, काका, तुम्ही का रडता. मागून तो येतोय — हळूहळू, घाई नाही त्याला —

सांगतो तिला. बाळा, ऐक, मी तुझा