अनूच्या बाळंतपणाचा तक्ता

लोहारा
१७ फेब्रुवारी १९६४

प्रिय शामल,

तुझी दोन्ही कार्डं पोचली. दुसऱ्या कार्डावर पत्त्याच्या कडेला तू ‘अक्का, उत्तर दे’ असं लिहिलंस ते पोस्टमननं माझ्याआधी वाचलं. “बाई, भैनीला उत्तर द्या की वो, लई वाट बघायल्यात,” म्हणाला. म्हणजे मी तुझ्यावर रुसले आहे हे आता गावालाही ठाऊक झालं. रुसवा हा लोकांचा शब्द. मी तुझा हेवा करते, शामल, आणि काही आजकालपासून करत नाही. आज बसलेच आहे तर सगळा सांगून टाकते.

गोष्ट एवढीशी. अनूचं पहिलं बाळंतपण. ते आईच्या घरी व्हायचं, म्हणजे इथं, माझ्या माजघरात. तू म्हणतेस सोलापूरला, तुझ्याकडं. तू नुसतं तोंडानं म्हटलं असतंस तर मीही तोंडानंच मोडून काढलं असतं. पण डोहाळजेवणाला आलीस ती कागदाची सुरळी काखेत मारून. ओटी भरून झाली, बायका पानसुपारी घेत होत्या, आणि तू ती सुरळी उलगडून भिंतीवर धरलीस. डाव्या अंगाला कामांची नावं, वरच्या ओळीत आठवडे, आणि प्रत्येक कामापुढं निळ्या पेन्सिलीची जाड रेघ. काम कधी हातात घ्यायचं तिथून ते कधी हातावेगळं करायचं तिथवर. तपासणी, डिंकाचे लाडू, दुपटी, बाळंतिणीची खोली, डॉक्टरीणबाईंना वर्दी, पार बारशापर्यंत. झालेल्या कामाच्या निळ्या रेघेवर लाल पेन्सिल फिरवायची. आणि जागा सगळीकडं एकच, सोलापूर. शेजारच्या ताहेराबी म्हणाल्या, “या अल्ला, बच्चा आया नहीं और बारसा बी लिख डाले!” सगळ्या हसल्या. मी पण हसले असते, पण अनू त्या कागदाकडं डोळे भरून बघत होती. “मावशी, किती छान गं,” म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं तबक मी मुद्दाम खाली ठेवलं नाही, ठेवलं असतं तर आपटलं असतं.

तिच्या लग्नातही तू हेच केलं होतंस. वीस वर्षं दोन्ही घरची कार्यं मी पार पाडली, ती सगळी डोक्यातल्या डोक्यात. मांडव घालणाऱ्यापासून वाढप्यापर्यंत जो तो माझ्याकडं येऊन विचारायचा, “अक्का, आता काय?” मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू. आणि माझ्या पोटच्या पोरीच्या लग्नात तुझा तक्ता मुदपाकाच्या दाराशी लटकला. धुळाप्पा आचाऱ्याला अक्षराची ओळख नाही, तोसुद्धा कुणाला तरी धरून आणून म्हणायचा, “शामलबाईंच्या कागदात बघा की जरा, बुंदी कदी पाडायची ती.” कुठंतरी चुकावं म्हणून मी वाट बघत होते. निदान गॅसबत्त्या तरी उशिरा येऊ देत म्हणून तुळजापूरच्या आईला साकडं घातलं. बत्त्या ऊन असतानाच आल्या. दुपारपर्यंत माझ्या हाताला काही काम उरलं नाही, म्हणून अनूजवळ जाऊन बसले आणि पिवळ्या अष्टपुत्रीत तिला नीट पाहिली. मग जी रडायला लागले ती थांबेना, नवरीच माझे डोळे पुसायला लागली. कार्यात धावपळ करणाऱ्या आईला रडायला फुरसत मिळत नाही, तीच तिची सोय असते. ती माझी सोय तू काढून घेतलीस.

हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून शिरलं ते मला माहीत आहे. नळदुर्गाच्या अलीकडच्या ओढ्यावर पुलाचं काम चाललं होतं आणि तुम्ही कँपवर पत्र्याच्या घरात राहत होता, तेव्हा मी चार दिवस आले होते. तुझ्या गोपाळकृष्णरावांच्या ऑफिसात भिंतभर तक्ता होता. पाया, खांब, सेंटरिंग, स्लॅब. त्यांनी मला कौतुकानं सांगितलं, कुणी गँट नावाचा अमेरिकन साहेब होऊन गेला, ही त्याची पद्धत. मला त्या गँटचं काही वाटलं नाही, पण संध्याकाळी स्वयंपाक करता करता तू जे समजावलंस ते चांगलं लक्षात राहिलं. म्हणालीस, “अक्का, काम किती दिवसांचं हे सगळ्यांना येतं सांगता. कुठलं काम कुठल्या कामावर येऊन आदळणार, ते रेघा एकाखाली एक काढल्याशिवाय दिसत नाही.” तवा तापून धूर निघाला तरी तुझं बोलणं चालूच. तेव्हासुद्धा मला वाटलं होतं, हिच्या घरात पोरबाळ नाही, म्हणून ही पुलाचं कौतुक करते. असलं वाईट माझ्या मनात येतं, शामल. येऊन जातं म्हणते मी, पण पुरतं जात नाही.

तसा तुझा हेवा मी तू परकरात होतीस तेव्हापासून करते. मला चौथीतून काढून बोहल्यावर उभी केली आणि तुला मॅट्रिकपर्यंत शिकवली. तुझ्या घरी डोक्यावर पंखा फिरतो, नळाला पाणी येतं, नवरा बायकोला विचारून भाजी आणतो. हे सगळं मी गिळलं असतं. पण अनू उमरग्याला सासरी गेल्यापासून तिच्या प्रत्येक पत्रात ‘मावशी म्हणते’ असतंच. मावशी म्हणते दूध पीत जा, मावशी म्हणते डाव्या कुशीवर झोप. आई काय म्हणते हे कुणी विचारत नाही, कारण आईला पत्र लिहायला चार दिवस लागतात. तुला सगळं आहे, माझ्याकडं जास्तीची एकच वस्तू होती, लेक, तिच्यावरही तुझा डोळा, असं मला वाटलं. तू गेलीस तेव्हा मी एसटीपर्यंत पोचवायला आले नाही ते त्यामुळं. पायाला मुरगळ वगैरे काही नव्हती.

मग मी काय केलं ते ऐक आणि हसून घे. डोहाळजेवणापासून अनू इथंच आहे, तिनं तुझा तक्ता मधल्या खोलीत लावला होता. मी म्हटलं, थांब, तुझ्या मावशीपेक्षा मीच काढते. तुझ्या भावजींनी शाळेतून मोठा कागद आणून दिला आणि चष्म्यातून माझ्याकडं बघत म्हणाले, “हेडमास्तरणीबाई, पट्टीपण आणू का?” पट्टी आणवली. बसले. तुझ्यासारख्याच रेघा, जागा मात्र लोहारा. लाडू, शेगडी, बाज, सुईण, उमरग्याहून नर्सबाईंना आधी बोलावून ठेवायचं, अगदी अडलंच तर सोलापूर. तुझ्या तक्त्याच्या तळाशी एक ‘गाडी’ची रेघ होती. बाकीच्या रेघा कुठं ना कुठं संपतात, ही आठव्या महिन्यात सुरू होऊन बारशाच्याही पलीकडं गेलेली. माणूस काय महिना-दोन महिने दारात मोटार बांधून ठेवतो? मी ती गाळली. ताहेराबींना बोलावून दाखवलं, बहिणीची चूक काढली म्हणून खूष होते. दुसऱ्या दिवशी अनूच्या केसांना तेल लावत होते. ती दोन्ही कागद लावून बघत होती. म्हणाली, “आई, तुझ्यात गाडी कुठं गं न्हाई? आन् मावशीची एवढी लांब कशी काय?”

तुझी टर उडवायला मी तोंड उघडलं आणि त्या लांब रेघेचा अर्थ एकदम ध्यानात आला. तेलाची वाटी कलंडली. अनूला ठाऊक नाही ना, की ती माझं पहिलं लेकरू नव्हे.

आपण दोघी हे कधी बोललो नाही. आज बोलते. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अणदूरला आले होते. दिवस भरले होते, हे आईला ठाऊक, आप्पांना ठाऊक, साऱ्या आळीला ठाऊक. आणि मार्गशीर्षात देव अणदूरहून नळदुर्गाला जातो, त्या दिवशी गावातली गाडी न गाडी यात्रेला जाते, हे तर अणदूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ही दोन ठाऊक एकाखाली एक कुणी मांडली नाहीत. आप्पांना वाटलं काकांनी गाडी सांगून ठेवली असेल, काकांना वाटलं आप्पांनी. भर दुपारी मी अडले. सुईण म्हणाली, “माज्या हातचं न्हाई आता, डाक्टराकडं न्या,” आणि घरात पुरुष नाही, गावात गाडी नाही. तुला पाठवलं. तू किती लहान होतीस गं, परकर खोचून पळालीस. दारोदार फिरून शेवटी कुठल्या तरी मळ्याच्या वाटेवर तुला पाशामियाँ भेटले. त्यांनी कडब्यानं भरलेली गाडी तिथंच रस्त्यात रिकामी केली. “बैठ बेटी, मैं पहुँचातूँ,” म्हणाले आणि बैल दामटत आणले. तोवर झालं होतं. मुलगा होता. रडला नाही. तू उंबऱ्यात उभी होतीस, पायाला काटे लागून रक्त आलेलं, आणि सारखी म्हणत होतीस, “अक्का, गाडी आणली, अक्का, गाडी आणली.” आईनं तुला बाहेर नेलं. त्यानंतर तू माझ्यासमोर यायला बिचकायचीस. मला वाटायचं, पोर घाबरली असेल, विसरेल.

तू विसरली नाहीस. मीच इतकी वर्षं तुझ्या तक्त्यांना शिकल्यासवरल्या बाईचा नखरा म्हणत होते. शामल, तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते, तू उशिरा आली नाहीस. तुला उशिरा पाठवलं. तू होतीस म्हणून गाडी आली तरी. त्या दिवशी धडपणानं वागलेलं आमच्या घरातलं माणूस एकच होतं आणि त्याला अजून साडी नेसता येत नव्हती.

आता हे पत्र का, ते. माझा कागद मी काढून ठेवला. अनूला येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं तुझे भावजी सोलापूरला आणून सोडतील. सासूबाईंची डावी बाजू गेली त्याला दोन वर्षं होतील, त्यांना कूससुद्धा मीच बदलून द्यावी लागते, त्यामुळं मी येऊ शकत नाही हे तू जाणतेस. हेवा संपला असं समजू नकोस, हे लिहिताना रडते आहे आणि तुझ्या पंख्याला शिव्या देते आहे. डॉक्टरीणबाई, औषधं, खोली, सगळं तू बघशीलच, त्यातलं मी तुला काय सांगणार. एकच मागते. कळा असह्य झाल्या की बाई कितीही मोठी असो, आईला हाक मारते. आपली आई गेलेली असताना मीही मारली होती, माझ्या धाकट्या सदूच्या वेळी. अनूही मारील. तेव्हा तिला ‘आई इथं नाही, लोहाऱ्याला आहे’ असं सांगू नकोस. ती ‘आई’ म्हणून हाक मारील तेव्हा तू ओ दे.

तुझीच,
अक्का