चार दिवस निरंक

१४ मार्च, शनिवार
चंद्रपूरचं प्रशिक्षण संपलं, बीटवर परत. दोन दिवस पंख्याखाली बसवून आम्हा वनरक्षकांना जगायचं कसं ते शिकवलं. शिकवणाऱ्या बाई बोलायच्या चांगल्या. म्हणाल्या, आयुष्यात ज्याला ज्याला किंमत आहे ते लिहा. मी सोळा गोष्टी लिहिल्या. मग म्हणाल्या, तीनच ठेवा. खोडताना जीव खालीवर झाला. शेजारच्या गार्डनं 'प्रामाणिकपणा, देशसेवा, आरोग्य' लिहिलं आणि जेवायला पळाला.
माझे तीन: खरं, माणसं, आई.
बाईंचं म्हणणं, रोज करता येईल एवढं लहान करा. संध्याकाळी हो किंवा नाही, एवढंच उत्तर यावं. म्हणून
ख: गस्तीची नोंद त्याच दिवशी, पाहिली तशी.
मा: गावात कुणावर ओरडायचं नाही, बसून बोलायचं.
आ: ब्रह्मपुरीला आईला रोज फोन.
नव्याचे नऊ दिवस होणार, माहीत आहे. तरी करून बघते.

१७ मार्च, मंगळवार
ख हो. मा हो. आ हो.
मोहाची फुलं गळायला लागली. पहाटे गावात कुणी सापडत नाही. घरमालकीण शेवंताबाई चार वाजताच टोपली घेऊन जाते, एकटी. नाल्याकडची काही सोडली तर इथे प्रत्येक मोहाचं झाड कुठल्या ना कुठल्या घराचं. कागदोपत्री काही नाही, सासूनं सुनेला दाखवलेलं. दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. म्हणून सगळ्या जंगलभर पांगतात. एका झाडाखाली एक बाई, कंबरेत वाकलेली. लांबून पाहिलं तर माणूस वाटत नाही.
फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळू नका, हे तिघींना बसून सांगितलं. मागच्या वर्षी ओरडले होते तेव्हा शिव्या मिळाल्या. आज चहा मिळाला.

२० मार्च, शुक्रवार
नाल्यात पगमार्क. वाघीण, मागे दोन पिल्लं. ताजे, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. माझ्या बीटवरचे वनमजूर देवाजीभाऊ ठशाशेजारी बोटं टेकवून बसले, मग उठले. शेवंताबाईचं झाड तिथून हाकेच्या अंतरावर आहे.
नोंद केली की रेंजर साहेब उद्याच जंगल बंद करणार. करायलाच पाहिजे.
संध्याकाळी अंगणात बायका जमल्या. देवाजीभाऊंच्या घरूनच फुटलं असणार. बोलली शेवंताबाई, बाकीच्या माझं तोंड बघत बसल्या.
"मॅडम, जनावर येते न जाते. मोह गेला का वर्षभर येत नाई. चार दिवस नोको लिहू."
मी बसून बोलले, ठरवल्याप्रमाणे. त्यातच फसले. ओरडून उठले असते तर बरं झालं असतं. ठरलं असं: चार दिवस नोंद नाही, पण उजाडल्यावर जायचं, सगळ्यांनी मिळून, रोज एकीच्या झाडाखाली. शेवंताबाईचं झाड नाल्याजवळ, म्हणून तिची पाळी शेवटी, मंगळवारी. मी आणि देवाजीभाऊ काठ्या घेऊन सोबत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, केवढी शहाणी मी.
वहीत लिहिलं: गस्त केली, काही आढळलं नाही. निरंक.
ख नाही. मा हो. आ हो.

२१ मार्च, शनिवार
अकरा जणी आल्या. पहिलं झाड. उजाडेपर्यंत अर्धी फुलं चितळांनी खाल्लेली. राहिलेली वेचली आणि सगळी झाडाच्या मालकिणीच्या टोपलीत टाकली. दहा जणी रिकाम्या टोपल्या घेऊन घरी. झाड तिचं तर मोह तिचा, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.
सगळ्या वाटून घेतील असं मी धरलं होतं; एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. इथे तीन वर्षं काढली म्हणते मी.
निरंक.

२२ मार्च, रविवार
पाचच आल्या. बाकीच्यांचं "आंग दुखून राह्यलं". त्या कुठे होत्या ते मला माहीत, मला माहीत आहे हे त्यांना माहीत. आपापल्या झाडाखाली, अंधारात.
पगमार्क आता नाल्याच्या अलीकडे. वरती वानरं वाघ दिसल्यावर खाकरतात तशी खाकरत होती, थांबतच नव्हती. देवाजीभाऊंनी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला. "मॅडम, लिहून टाका." म्हटलं, दोनच दिवस राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतंय. म्हणजे माझं ओझं त्यांच्या डोक्यावर. छान.
आईनं फोनवर विचारलं, आवाज काऊन असा? सर्दी म्हटलं.
ख नाही. आ हो म्हणायचं का, ठाऊक नाही. आईशीही खोटंच बोलले.
निरंक.

२३ मार्च, सोमवार
पोंभुर्ण्याला मीटिंग. साहेबांनी एकेकाला विचारलं. माझ्यापाशी आले, "तुझ्या बीटात काही?" मी म्हटलं, नाही सर. लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं गेलं, याची भीती वाटली.
परतीच्या एसटीत पलीकडच्या गावच्या बायका. त्यांच्याकडचं जंगल गेल्या आठवड्यातच बंद झालेलं. त्यातली एक मोकळ्या मनानं सांगू लागली, उद्या आम्ही तुमच्याच इकडे, नाल्याकडच्या बिनमालकीच्या मोहांवर.
"तुमच्या इथी काई नाई म्हणते न. मॅडमच्या वहीतच नाई."
मी सांगितलं, येऊ नका, तिथे वाघीण आहे, पिल्लांसोबत. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. "मॅडम आपल्या गावाचा मोह वाचवून राह्यल्या." चांगल्या मनानं हसल्या. मी शपथ घेतली तरी तेच.
घरी येऊन शेवंताबाईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमचं नाई आयकत त्या. मी सांगतो त्याईले." कधी सांगशील, विचारलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली. उद्या उजाडल्यावर आपण सोबतच जाणार आहोत, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.
नोंद बदलायला आजच बसायला हवं होतं. बसलेही. पेन उघडलं. शुक्रवारपासूनचं सगळं खोडावं लागणार, नोकरी जाईल, गावही तोंड फिरवेल, हे सगळं एकदम समोर आलं. उद्या सकाळी साहेबांना फोन करीन म्हटलं आणि पेन बंद केलं.
निरंक. चौथ्यांदा.

२४ मार्च, मंगळवार
सकाळ, सव्वासात. जंगलाच्या रस्त्यावर दगडावर बसून लिहितेय. बसून राहवत नाही म्हणून लिहितेय.
पाच वाजता उठले तर शेवंताबाईची खाट रिकामी. टोपली नाही. तिथूनच साहेबांना फोन लावला. वाघीण शुक्रवारपासून आहे, नोंदी खोट्या आहेत, मी लिहिल्या आहेत. एका दमात सांगितलं. ते म्हणाले, कुणाला आत सोडू नको, निघतो.
देवाजीभाऊंना रस्त्यावर उभं केलं. मी बॅटरी घेऊन शेवंताबाईच्या झाडापर्यंत पळत गेले. एकटीनं जायला नको होतं, गेले. टोपली बुंध्याशी नीट ठेवलेली, अर्धी भरलेली. रक्त नाही, फरपटल्याची खूण नाही. तिच्या चपलांचे ठसे नाल्याकडे गेलेले. सरळ, लांब लांब टाकलेली पावलं. परतीचे नाहीत. हाका मारल्या. उत्तर आलं नाही, आणि आज वानरंही गप्प.
रस्त्यावर आले तर पलीकडच्या गावच्या पंधरावीस बायका देवाजीभाऊंशी भांडत होत्या. काल नव्हता तो वाघ आज कुठून आला? त्यांच्यातल्या दोघी चार वाजताच पुढे निघून गेल्यात, नाल्याकडच्या मोहांवर. म्हणजे शेवंताबाई फुलं तशीच टाकून कशासाठी गेली ते कळलं. त्यांना परत फिरवायला गेली. माझं काम करायला गेली.
मी हे मोठ्यानं बोलले असावे, कारण भांडण थांबलं.
साहेबांची गाडी सव्वासहाला आली. त्यांनी विचारलं, आत किती? म्हटलं, तीन. मी वही पुढे केली, त्यांनी घेतली नाही. चार माणसं, काठ्या, फटाके घेऊन ते आत गेले. देवाजीभाऊ वाट दाखवायला. मला इथेच थांबायला सांगितलं. चिडून सांगितलं असतं तर सोसलं असतं.
अर्ध्या तासापूर्वी फटाक्यांचा आवाज आला, दोनदा. त्यानंतर काही नाही. वॉकीटॉकी घेतलेला ड्रायव्हर माझ्याकडे बघत नाही.
आत गेलेल्या दोघींपैकी एकीची बहीण इथेच आहे. काल एसटीत माझ्याशी बोलली ती हीच. इतका वेळ लांब बसली होती. आत्ता उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.
"आता काय लिहून राह्यले मॅडम?"
मी म्हटलं, नावं. शेवंताबाईचं लिहिलंय, तुमच्या गावच्या त्या दोघींची माहीत नाहीत.
तिनं दोन्ही नावं सांगितली, आडनावासकट, सावकाश. मग माझ्या शेजारी दगडावर बसली आणि मी काय लिहितेय ते वाकून बघू लागली.