चादरींच्या कोपऱ्यातले टाके

प्रिय ठमे,

सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरांचे करनियम बदलले, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. नाहीतर चार वर्षं गप्प बसलेली मी आणखी दहा वर्षंही बसले असते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, तेव्हा खुशाली विचारण्यात कागद घालवत नाही.

तळ्याकाठचं माझं घर आजवर धंदा म्हणून धरलं जायचं. पलंग, पडदे, रंगकाम, सगळा खर्च उत्पन्नातून वजा व्हायचा. या वर्षापासून ते बंद. आता ते नुसतं माझं दुसरं घर, आणि दुसऱ्या घराला जादा कर. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी तर विक्रीची पाटीच लावली आहे. होडीवाला म्हणतो, ‘बाई, पुढच्या उन्हाळ्यात काठावर मी आणि बदकं, एवढेच उरणार. आणि बदकं काही होडीत बसत नाहीत.’ जुनी सवलत मिटवताना घरात काय काय आहे आणि ते किती वर्षं वापरलं, याची यादी द्यावी लागते. ती करायला मागच्या मंगळवारी करसल्लागाराला घेऊन मी तिथे गेले. तरुण माणूस आहे, पण सारखा घड्याळ बघतो. खुर्च्या झाल्या, शेगडी झाली, मग जिन्याखालचं कपाट उघडलं. तो म्हणाला, ‘चादरींची किंमत शून्य लिहा आणि मोकळ्या व्हा.’ न बघता शून्य लिहिणं मला जमत नाही. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी चौतीस वर्षं गुणांच्या बेरजा तपासल्या आहेत. मी एक चादर बाहेर काढून उलगडली.

पायाकडच्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत, बारीक टाक्यांची रांग होती. तिळाएवढे टाके, पाहुण्याच्या टाचेलाही लागणार नाहीत असे. आधी वाटलं, रफू असेल. मग दुसरी चादर काढली, तिसरी काढली. सगळ्यांवर त्याच कोपऱ्यात तशाच रांगा, एकीखाली एक, प्रत्येक रांगेचा रंग वेगळा. खालची निळी अजून ताजी, वरच्या विटत गेलेल्या. नऊ रांगा, आणि मध्ये एका रांगेची जागा मोकळी. तू त्या घराचं काम दहा वर्षं पाहिलंस. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की रंग म्हणजे वर्ष आणि टाका म्हणजे धुणं. कुठली चादर किती वेळा पाण्यात गेली, हे कळावं आणि सगळ्या सारख्या झिजाव्यात, म्हणून तू हे करत होतीस. कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.

काही टाके उभे होते, काही आडवे. ते का, हे समजेना, आणि समजल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हते. करसल्लागार म्हणाला, ‘अहो, पुढे दुसरीकडे जायचंय मला.’ मी त्याला खुर्ची दिली आणि माझी पाहुण्यांची वही काढली. मोठ्या खोलीच्या पलंगाच्या सहा चादरी जमिनीवर पसरल्या आणि शेवटच्या, निळ्या वर्षाचे टाके मोजले. उभे एकतीस. वहीत त्या वर्षी पाहुण्यांच्या नोंदी एकतीस. आडवे अकरा.

अकरा म्हटल्यावर मी ते पुन्हा मोजले, ठमे. अकराच.

त्या वर्षी तू बेचाळीस धुण्यांचे पैसे मागितलेस आणि मी स्वयंपाकघरात, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसासमोर, तुला विचारलं, ‘पाहुणे एकतीस, मग वरची अकरा धुणी कुणाच्या घरची?’ तू ‘बरं, ताई’ एवढंच म्हणालीस, किल्ली खिडकीत ठेवलीस आणि गेलीस. तो बिचारा नळवाला पाना हातात धरून तसाच उभा होता. मी वहीत पाहुणे कधी आले ते लिहीत होते. किती दिवस राहिले, ते लिहीत नव्हते. आठवड्याहून जास्त राहणाऱ्यांची चादर तू मध्येच बदलत होतीस. आडवा टाका तो. पलीकडे जिन्याखालीच पुरावा होता. कपाट उघडून एक चादर माझ्या तोंडावर फेकली असतीस तरी पुरलं असतं. तू ते का केलं नाहीस, याचा मी आठ दिवस विचार करते आहे.

करसल्लागारही गुडघ्यांवर बसून बघत होता. घड्याळ विसरला. म्हणाला, ‘आमच्या ऑफिसात एकाचीही फाइल अशी नाही.’ आपल्या घरात एकीच्याच फीपुरते पैसे होते, म्हणून मी कॉलेजात गेले आणि तू शिलाई मशीनवर बसलीस. गणितात तू कच्ची, असं मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले.

आणखी एक. त्या मोकळ्या जागेतली, वरून सहावी रांग मला आधी दिसलीच नाही, बोटाला लागली. पांढऱ्यावर पांढरा, एकाच चादरीवर एकच टाका. तुझे भावजी गेले ते वर्ष. घर बंद होतं. मी एकटी तिथे चार दिवस जाऊन राहिले होते आणि ते कुणाला कळलं नाही, अशी माझी समजूत होती. तू ती चादर धुतलीस, मोजलीस आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. मी कितीतरी वेळ तो टाका बोटाखाली धरून बसले होते.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. जो माणूस घरात स्वतः राहतो आणि ज्याचं दुसरं घर नाही, त्याला जादा कर नाही. तू अजून लाँड्रीवरच्या भाड्याच्या खोलीत राहतेस. मी घर तुझ्या नावावर केलं आहे. लोकांना मी सांगणार, की कर वाचवायला केलं. त्यांना ते पटेल. तुला खोटं सांगत नाही. मी तुला चोर म्हटलं, आणि चूक माझ्या वहीची होती. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती कशी लिहितात ते माहीत नाही, हीच समज. कागद परत पाठवलेस तर मी पुन्हा पाठवीन. हट्टात तू मला हरवू शकणार नाहीस.

तुझीच,
ताई

पत्रासोबत वकिलाच्या कारकुनाहाती दिलेल्या वस्तू:
बक्षीसपत्र, नोंदणी केलेलं: एक.
पुढच्या दाराच्या किल्ल्या: दोन. मागच्या दाराची: एक.
वीज आणि पाण्याच्या भरलेल्या बिलांची फाइल: एक.
घरातल्या सामानाची यादी, पानं: तीन.
चादरी: मोजलेल्या नाहीत. तू मोजशील तो आकडा बरोबर.