कोलेस्टेरॉल उतरले हो!

१९ ऑगस्ट २०२५
अस्मादिक रुग्णालयात! कारण — फ्लूचा विषाणू. उजव्या फुप्फुसात वास्तव्य, डाव्याकडे प्रस्थान. मुखावर प्राणवायूचा मास्क. संस्कृतच्या शिक्षकास बोलू न देणे, याहून कठोर दंड तो कोणता?

२० ऑगस्ट
रक्ताचा अहवाल आला. कोलेस्टेरॉल १०४! अकरा वर्षे अर्धांगिनी रुक्मिणीने माझ्या ताटातून तूप हद्दपार केले, शेंगाचटणीला सुटलेले तेलसुद्धा टिपून घेतले. तरी ते दोनशे चाळिसाखाली कधी उतरले नव्हते. आज विजयोत्सव! तिचा बार्शीच्या बहिणीला फोन — "अक्का, लई उतरलंय बघ! माझ्या पथ्याला यश आलं की!"
मीही दोन बोटे उंचावली. मास्कआड हसताना धाप लागते.

२१ ऑगस्ट
रुक्मिणी डबा आणायला घरी गेली होती. डॉक्टर उत्कर्षा — माझीच जुनी विद्यार्थिनी, विभक्तीत कच्ची — अहवाल पुन्हा पुन्हा चाळू लागली. खोदून विचारले.
"सर, हे पथ्यानं नाही, आजारानं उतरलंय. चांगलं कोलेस्टेरॉल — एचडीएल — चौदावर आलंय. त्याचे कण शरीरातला दाह आवरतात. गंभीर संसर्गात ते इतके घटले, की आम्ही सावध होतो."
"म्हणजे मी...?"
"एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही, सर."
उत्तरात भविष्यकाळ नव्हता. व्याकरणाच्या मास्तरास ते कळतेच.
रुक्मिणीला सांगू नकोस, म्हटले. अकरा वर्षांच्या तपाचे तिला मिळालेले हे एकमेव फळ. ते मी कसे हिरावू?

२२ ऑगस्ट
एचडीएल ११. प्राणवायू वाढवला. भय वाटते. संस्कृतात 'बिभेमि' असे लिहून पाहिले — तितकेच वाटते.

२३ ऑगस्ट
सकाळी रुक्मिणीने उत्साहाने विचारले, "अजून उतरलं का हो?" मी मान डोलावली. अभिनय उत्तम वठला असावा.
दुपारी ती दाराशी उत्कर्षाबरोबर पुष्कळ वेळ उभी होती. पाठमोरी. पदर तोंडाशी. खोकला असेल. खोकलाच असेल!
परत आली ती माझी उशी नीट करीत बसली. नीटच होती.
आकड्याविषयी पुन्हा अक्षर काढले नाही.

२४ ऑगस्ट
डब्यात मऊ भात. त्यावर रुक्मिणीने स्वहस्ते तूप वाढले — चमच्याने नव्हे, अख्खी वाटी उपडी केली.
म्हणाली, "खावा की. आज मी काही म्हणणार नाही."