पेशीतलं चाक

सर, पेशीत चाक असतं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी हे तुम्हालाच सांगायचं आहे, कारण तुम्ही हसला होतात.

मुखेड तालुक्यातली आपली पत्र्याची शाळा, नववीचा वर्ग. तंतुकणिका म्हणजे पेशीचं पॉवर हाऊस, असं तुम्ही फळ्यावर लिहिता आणि मी हात वर करतो. गावातल्या पिठाच्या गिरणीत मी रोज पट्टा फिरताना बघायचो, म्हणून विचारलं, "सर, पॉवर हाऊस हाय तर तिथं फिरतंय काय? चाक असंल ना?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "चाक? मग तुझ्या बापाची बैलगाडीबी तिथंच सोडली असंल की! बैलं कुठं बांधली रं?" सगळा वर्ग हसला. पोरं वर्षभर मला 'बैलगाडी' म्हणत होती. त्यानंतर तुमच्या तासाला माझा हात कधी वर गेला नाही. आणि दहावीनंतर तुम्हीच वडिलांना सांगितलंत, "ह्याला आयटीआयला घाला, सायन्स ह्याला झेपायचं न्हाई."

आज मी लातूरच्या एका दालमिलमध्ये फिटर आहे. मुलगी बारावीला, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावलाय. परवा तिच्या पुस्तकातलं चित्र पाहिलं. तंतुकणिकेच्या पडद्यात खरोखर चाक आहे, मधोमध शाफ्ट. पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे कण दाटतात, दाबानं पलीकडे घुसताना चाक फिरवतात, आणि त्या फिरण्यातून पेशीला ऊर्जा मिळते. बेअरिंग बदलणाऱ्या माणसाला हे समजायला पाठांतर लागत नाही. सकाळी देवापुढं हात जोडले तेव्हा वाटलं, या बोटांतही ती चाकं फिरतायत. तो हात वर राहिला असता तर देवाची ही कारागिरी बघण्यात माझी तीस वर्षं गेली असती.

तुमच्या काळी पुस्तकात नव्हतं, मान्य. पण हसायचं काय कारण होतं? पोराला त्याच्या बापावरून हसायचं काय कारण होतं, सर?

तुम्ही नसलात तरी हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकणार होतो. आता टाकत नाही. काल जेवताना मुलीनं विचारलं, "पप्पा, ते चाक उलटं फिरलं तर?" मी म्हणालो, "परीक्षेला येतंय का ते? मग गप पाठ कर." ती खाली मान घालून जेवत राहिली.

प्रश्न चांगला होता. मला उत्तर येत नव्हतं, एवढंच.